ध्रुवावरच्या बर्फात कुणाची धूळ?

प्रश्न (देवळी, जि. वर्धा): नवतप्यात आमच्याकडे वावटळी उठतात, वावरातली माती आभाळात जाताना दिसते. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात हजारो वर्षांपूर्वीची धूळ सापडते आणि ती कुठल्या मुलखातून आली हेही शास्त्रज्ञ सांगतात, असं वाचलं. चिमूटभरही नसलेल्या धुळीवरून तिचं मूळ कसं ओळखतात? आणि आमच्या वर्ध्याची माती तिथे असेल का?

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ओळखू येईल इतकी वर्ध्याची माती ध्रुवीय बर्फात नाही. पण हे ठामपणे म्हणायला काय काय माहीत असावं लागतं, ते सांगायला जरा जास्त जागा लागेल, कारण या शोधाचं अर्धं काम बर्फात चालतं आणि अर्धं जगभरच्या मातीत.

ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या उंच पठारांवर पडलेलं हिम उन्हाळ्यातही वितळत नाही. यंदाच्या थरावर पुढच्या वर्षीचा थर बसतो, खालचा दाबला जाऊन त्याचा घट्ट बर्फ होतो. त्या त्या वर्षी हवेतून खाली आलेली धूळ, राख, समुद्राचं मीठ आणि हवेचे बुडबुडेसुद्धा त्यात अडकून राहतात. पोकळ ड्रिलने या बर्फातून लांबच लांब दंडगोल काढतात. त्यांना हिमगाभा म्हणजे आइस कोअर म्हणतात. ग्रीनलंडमध्ये कॅम्प सेंचुरी इथे १९६६ साली १,३८७ मीटर खोल जाऊन बर्फाचा तळ पहिल्यांदा गाठला गेला. पुढे ग्रीनलंडच्या माथ्यावर, एकमेकांपासून २८ किलोमीटरवर, युरोपीय गटाने १९९२ मध्ये ३,०२९ मीटर आणि अमेरिकी गटाने १९९३ मध्ये ३,०५३ मीटर लांबीचे गाभे काढले. अंटार्क्टिकात वोस्तोक इथल्या रशियन तळावर ३,६२३ मीटर खोलवर ड्रिल गेलं. तिथून चार लाख वीस हजार वर्षांची नोंद मिळाली. डोम सी इथल्या युरोपीय गाभ्याने ती आठ लाख वर्षांपर्यंत मागे नेली.

आता धूळ किती असते ते पाहा. सध्याच्या उबदार काळात, म्हणजे गेल्या दहा-अकरा हजार वर्षांत, डोम सीवर साचलेल्या बर्फात किलोमागे साधारण १५ मायक्रोग्रॅम धूळ सापडते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी शेवटचं हिमयुग ऐन भरात होतं, तेव्हाच्या बर्फात हे प्रमाण पन्नासएक पट जास्त आहे. हिमयुगात तिथे हिमही निम्मंच पडत होतं, त्यामुळे धूळ बर्फात अधिक दाट झाली. तो भाग वजा केला तरी आभाळातून खाली येणारी धूळ आजच्या पंचवीसेक पट होती. कणांचा आकार साधारण दोन मायक्रॉन. आपला केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. ग्रीनलंडच्या हिमयुगातल्या बर्फात तर धूळ इतकी आहे की काही थर नुसत्या डोळ्यांनाही धुरकट दिसतात. तिथे धूळ मुख्यतः वसंतात येते, म्हणून वर्षं मोजायलाही तिचा उपयोग होतो.

एवढ्याशा धुळीवर काम करायचं तर स्वच्छता फार कडक ठेवावी लागते. गाभ्याच्या बाहेरच्या अंगाला ड्रिलिंगचं द्रव लागलेलं असतं, माणसांचे हात लागलेले असतात. तो भाग थंड खोलीत खरवडून टाकतात. आतला बर्फ अतिशुद्ध पाण्याने धुऊन, गाळलेल्या हवेच्या खोलीत वितळवतात. वितळलेलं पाणी एका सूक्ष्म छिद्रातून विजेच्या प्रवाहाबरोबर सोडतात. कण छिद्रातून गेला की प्रवाहात खळ पडतो, त्यावरून कणांची संख्या आणि आकार दोन्ही कळतात. अमेरिकेच्या ओहायो स्टेट विद्यापीठातले लॉनी थॉम्पसन यांनी १९७६ साली आपला पीएचडीचा प्रबंध याच बारीक कणांवर लिहिला होता. त्यांचं नाव पुढे पुन्हा येईल.

मोजणी झाली. आता ही धूळ कुणाची?

पहिली पायरी खनिजांची. मातीतल्या सर्वांत बारीक भागात, म्हणजे चिकणमातीत, वेगवेगळी खनिजं असतात आणि ती त्या मुलखाच्या हवामानाप्रमाणे आणि खडकाप्रमाणे ठरतात. उष्ण, ओल्या प्रदेशात खडक फार झिजला की केओलिनाइट तयार होतं. थंड, कोरड्या प्रदेशात खडक नुसताच फुटतो, तिथे क्लोराइट आणि इलाइट टिकून राहतात. ज्वालामुखीच्या खडकापासून झालेल्या जमिनीत स्मेक्टाइट जास्त. क्ष-किरणांनी ही खनिजं ओळखता येतात. सहाराच्या धुळीत केओलिनाइट बरंच असतं, क्लोराइट कमी. या दोहोंच्या प्रमाणावरूनच काही मुलखांची नावं यादीतून गळतात.

दुसरी पायरी जास्त खोल जाते. स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याचे काही अणू ८७ वस्तुमानाचे असतात, काही ८६ चे. एकाच मूलद्रव्याच्या अशा वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंना समस्थानिकं म्हणतात. ८६ चे जेवढे असतात तेवढेच राहतात. ८७ चे मात्र हळूहळू वाढत जातात, कारण खडकातल्या रुबिडियमचे किरणोत्सारी अणू त्यांच्यात बदलत असतात. हे रुबिडियम निम्मं व्हायला सुमारे ४,९०० कोटी वर्षं लागतात. पृथ्वीचं स्वतःचं वय ४५४ कोटी वर्षं आहे, यावरून ही चाल किती मंद आहे ते लक्षात येईल. म्हणजे जुना, रुबिडियम भरपूर असलेला ग्रॅनाइटसारखा खडक असेल तर ८७ आणि ८६ यांचं गुणोत्तर चढं असतं, ०.७२ च्या आसपास किंवा त्याहून वर. पृथ्वीच्या पोटातून त्या मानाने अलीकडे वर आलेला लाव्हा असेल तर ते ०.७०४ च्या जवळ राहतं. असाच दुसरा हिशेब समेरियमपासून तयार होणाऱ्या निओडिमियमचा. त्यात उलट आहे: जुन्या खंडांच्या खडकात गुणोत्तर कमी, नव्या लाव्हात जास्त. खडकाची माती झाली, माती उडाली, सात समुद्र ओलांडून बर्फावर पडली, तरी हे आकडे फारसे बदलत नाहीत. दोन्ही आकडे आलेखावर मांडले की धुळीचं घराणं कळतं.

एक अडचण इथे आहे आणि ती महत्त्वाची आहे. स्ट्रॉन्शियमचा आकडा कणाच्या आकाराप्रमाणे थोडा सरकतो. बारीक कणांत तो जास्त येतो. म्हणून बर्फातल्या बारीक धुळीची तुलना वाळवंटातल्या अख्ख्या वाळूशी करून चालत नाही. वाळवंटातून आणलेल्या मातीतूनही पाच मायक्रॉनपेक्षा लहान कण वेगळे काढावे लागतात आणि मगच दोन्हींचे आकडे शेजारी ठेवता येतात.

पिअर बिस्के, फ्रान्सिस ग्रूसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली ग्रीनलंडच्या अमेरिकी गाभ्यातल्या हिमयुगीन धुळीवर नेमकं हेच केलं. नकाशा पाहिला तर संशय कुणावर जाईल? सहारावर, कारण ते जगातलं सर्वांत मोठं धुळीचं कोठार. किंवा शेजारच्या उत्तर अमेरिकेवर, जिथे हिमनद्यांनी दळलेल्या पिठासारख्या मातीचे जाड थर आहेत. त्यांनी या सगळ्या ठिकाणचे नमुने तपासले. खनिजं आणि समस्थानिकं दोन्ही जुळली ती पूर्व आशियाच्या वाळवंटी पट्ट्याशी, गोबीच्या बाजूशी. पुढे ग्रीनलंडच्या अलीकडच्या काळातल्या धुळीवर काम झालं, त्यात वसंतातली धूळ तकलामाकान वाळवंटाशी जुळली. इतक्या लांबून धूळ जाते कशी, याचा पुरावा नंतर उपग्रहांनी दिला. मे २००७ मध्ये तकलामाकानमधून उठलेला धुळीचा ढग आठ-दहा किलोमीटर उंचीवर चढला आणि तेरा दिवसांत पृथ्वीभोवती पूर्ण फेरी मारून आला.

पण गोष्ट तिथे संपली नाही. २०१५ साली दुसऱ्या एका गटाने मध्य युरोपातल्या मातीचे नमुने तपासले, तेव्हा तेही ग्रीनलंडच्या धुळीशी बऱ्यापैकी जुळतात असं दिसलं. २०१८ मध्ये सहाराचाही वाटा असू शकतो असा पुरावा पुढे आला. बर्फ तोच होता. मातीचे नमुने वाढले आणि उत्तर पुन्हा उघडं झालं. बोटाचा ठसा कितीही स्वच्छ मिळाला तरी ज्याचा ठसा नोंदवहीतच नाही तो माणूस सापडत नाही, तसं हे आहे. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. यंत्रं कितीही चांगली झाली तरी कुणीतरी उन्हातान्हात जाऊन, जागा लिहून ठेवून, माती आणलेली असावी लागते.

अंटार्क्टिकाचं उत्तर जास्त पक्कं आहे. तिथल्या जवळचा मोठा कोरडा खंड म्हणजे ऑस्ट्रेलिया, पण हिमयुगातली धूळ त्याच्याशी जुळली नाही. १९९२ साली ग्रूसे यांनी डोम सीच्या धुळीवर आणि १९९७ साली बासील यांनी वोस्तोक आणि डोम सी दोन्हींवर केलेल्या कामातून ती दक्षिण अमेरिकेच्या टोकाची, पॅटागोनियाची असल्याचं दिसलं. स्ट्रॉन्शियमचं गुणोत्तर ०.७०८ ते ०.७११ च्या दरम्यान, म्हणजे ज्वालामुखीच्या खडकांचा बराच अंश असलेल्या मुलखाचं. पॅटागोनियाच का, याचंही एक सुंदर उत्तर २००९ साली मिळालं. हिमयुगात अँडीजमधल्या हिमनद्या पूर्वेच्या सपाट मैदानापर्यंत यायच्या आणि दळलेला गाळ उघड्यावर टाकायच्या. वारा तो उचलायचा. हिमनद्या थोड्या मागे हटल्या की त्यांच्या तोंडाशी तलाव तयार व्हायचे आणि सगळा गाळ तलावाच्या तळाशी बसायचा. त्यामुळे अंटार्क्टिकातली धूळ हळूहळू कमी न होता एकदम थांबल्यासारखी दिसते. उबदार काळातल्या थोड्याशा धुळीत मात्र ऑस्ट्रेलियाचाही हात असावा, असं नंतरच्या कामातून दिसतं.

आता तुमच्या वर्ध्याकडे वळू. जवळजवळ सगळा जिल्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाच्या खडकावर, बेसाल्टवर, वसलेला आहे. समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवर जे गोल गोटे सापडतात आणि ज्यांच्याविषयी शेख फरीदबाबांनी व्यापाऱ्यांच्या मालाचे दगड केल्याची कथा सांगतात, तेही याच लाव्हाशी निगडित खनिजांचे. बेसाल्ट झिजून आपली काळी भारी जमीन झाली. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, याचं कारण तिच्यातलं स्मेक्टाइट. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेत या मातीतल्या खनिजांवर अनेक वर्षं काम झालं आहे. म्हणजे विदर्भाची काळी माती कुठे गेलीच तर तिची ओळख कशी असेल हे आपल्याला माहीत आहे: स्मेक्टाइट भरपूर आणि स्ट्रॉन्शियमचा आकडा जुन्या खंडांच्या मातीपेक्षा खाली. ग्रीनलंडच्या धुळीचे आकडे तसे नाहीत.

ती जात का नाही, याची कारणं तुम्ही रोज पाहता. तुमच्या वावटळीतला फुफाटा दहा-वीस मायक्रॉनहून मोठ्या कणांचा असतो. वावटळ काहीशे मीटरपर्यंत चढते आणि तो पुढच्या शिवारात खाली बसतो. काळ्या मातीचा मूळ कण दोन मायक्रॉनहूनही बारीक आहे खरा, पण ते कण एकमेकांना घट्ट धरून असतात. म्हणून वाळल्यावर पीठ न होता ढेकळं होतात. जे थोडं उंच जातं, ते महिन्याभरात पाऊस धुऊन खाली आणतो. तकलामाकानमध्ये वर्षाला नावापुरता पाऊस पडतो, धूळ पर्वतांमुळे आणखी वर ढकलली जाते आणि वर पश्चिमेकडून वाहणारा जोरदार जेट वारा तिला उचलायला हजर असतो. वर्धा २०-२१ अंश अक्षांशावर आहे. नवतप्यात तो जेट आपल्यापासून बराच उत्तरेला असतो. दक्षिणेला अंटार्क्टिकाकडे जायचं तर विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा आडवा येतो आणि तो उत्तरेची धूळ दक्षिणेत सहसा जाऊ देत नाही. दोन-चार कण कधी गेलेही असतील, पण बाकीच्या धुळीत ते कुठल्याही यंत्राला वेगळे दिसणार नाहीत.

प्रश्न (हिंगणघाट): मग आपल्या मुलखाचं काहीच बर्फात लिहिलेलं नाही का?

उत्तर: आहे, फक्त ते ध्रुवावर नाही, हिमालयात आहे. ज्यांचा उल्लेख वर आला त्या लॉनी थॉम्पसन यांच्या गटाने १९९७ साली शिशापांग्मा शिखराजवळच्या दासुओपू हिमनदीवर ७,२०० मीटर उंचीवर गाभे काढले. इतक्या उंचीवर तंबू टाकून ड्रिल चालवणं आणि बर्फ न वितळू देता खाली आणणं ही गोष्टच थक्क करणारी आहे. २००० साली त्यांनी त्या गाभ्यातली सुमारे हजार वर्षांची नोंद प्रसिद्ध केली. मान्सून चांगला झाला की त्या बर्फात धूळ आणि क्लोराइड कमी, मान्सून फसला की दोन्ही वाढतात. संपूर्ण हजार वर्षांत सर्वांत ठळक दिसतो तो १७९० ते १७९६ हा काळ.

हा काळ आपल्या इतिहासात आहे. १७९१-९२ चा कवटीचा दुष्काळ तो हाच. दख्खन, गुजरात, मारवाड, हैदराबाद अशा दूरदूरच्या मुलखांत माणसं इतकी मेली की त्यांना पुरायला, जाळायला कुणी उरलं नाही. रस्त्याकडेला पडलेल्या कवट्यांवरून त्याला नाव पडलं. पुण्यात तेव्हा सवाई माधवराव पेशवे होते. वर्धेच्या अलीकडचा आपला मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता, दुसऱ्या रघूजींचा काळ. मान्सूनचं ते बिघडणं १७८९ च्या सुमारास सुरू झालेल्या मोठ्या एल निन्योशी जोडलं जातं. ज्या वर्षांची हकीकत आपण बखरी, पत्रं आणि गॅझेटिअरांतून वाचतो, त्यांची नोंद हिमनदीने स्वतंत्रपणे ठेवलेली आहे.

त्याच गाभ्यात आणखी एक आकडा आहे. विसाव्या शतकात तिथे पडणारी धूळ चौपट झाली आणि क्लोराइड दुप्पट. थॉम्पसन यांच्या गटाने त्याचा संबंध वाऱ्याच्या वरच्या बाजूच्या, म्हणजे भारत आणि नेपाळमधल्या, वाढलेल्या मानवी उद्योगाशी लावला आहे. शेती, रस्ते, कारखाने, उघडी पडलेली जमीन, सगळं त्यात आलं. कवटीच्या दुष्काळातली धूळ पाऊस नव्हता म्हणून होती. ही आपण उडवलेली आहे आणि ती कमी करणं आपल्या हातात आहे.

प्रश्न (आर्वी): ज्वालामुखीची राखही अशीच ओळखतात का? आपल्याकडे तिचं उदाहरण आहे?

उत्तर: राख ओळखणं त्या मानाने सोपं. ज्वालामुखीतून उडालेला वितळलेला खडक हवेत झटकन गार होऊन काचेचे कण होतात आणि प्रत्येक ज्वालामुखीच्या काचेत सिलिका, पोटॅशियम, लोह यांचं प्रमाण आपलं आपलं असतं.

आपल्याकडचं उदाहरण जुन्नर तालुक्यातल्या बोरीचं. कुकडी नदीच्या काठावर गाळात पांढुरक्या राखेचा थर आहे आणि त्याच्या संगतीत आदिमानवाची दगडी हत्यारं सापडली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी त्यावर काम केलं. सुरुवातीला ती राख चौदा लाख वर्षं जुनी असल्याचं मापन आलं आणि साहजिकच खळबळ उडाली. पुढे काचेचं रसायन तपासल्यावर तिचं नातं सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीशी निघालं. तीन हजार किलोमीटरहून लांबून ही राख महाराष्ट्रात आली होती. मात्र टोबाचा स्फोट एकदाच झालेला नाही. ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची ही राख की त्याच्या कितीतरी आधीच्या स्फोटाची, यावर अजून वाद चालू आहे. तो वाद महत्त्वाचा आहे, कारण त्यावर त्या हत्यारांचं वय ठरतं.

ध्रुवीय बर्फातल्या राखेचं काम आपल्या शेजारी गोव्यातही झालं आहे. वास्कोजवळ हेडलँड सडा इथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. १९९८ साली ते अंटार्क्टिक आणि महासागर संशोधन केंद्र म्हणून सुरू झालं. तिथे हिमगाभ्यांसाठी उणे २० अंशांच्या खोल्या आहेत; बाहेर कोकणातला घामाळ मे महिना आणि आत जाड कोट घातलेली माणसं करवतीने अंटार्क्टिकाचा बर्फ कापत असतात. अंटार्क्टिकातल्या क्वीन मॉड लँड भागातून भारतीय मोहिमांनी काढलेला एक गाभा तिथल्या सी. एम. लालूराज, मेलोथ तंबन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात दोन प्रकारचे कण वेगळे दिसले. ज्वालामुखीच्या कणांत सिलिका सरासरी ६२ टक्के, खंडांवरून आलेल्या धुळीत ५६ टक्के. राखेचे थर १८८३ च्या क्राकाताऊ आणि १९६३ च्या बालीतल्या आगुंग स्फोटांशी जुळले आणि त्या राखेत सूक्ष्मजीवांच्या पेशीही होत्या, गोल आणि काडीसारख्या, दोन्ही. इंडोनेशियातल्या डोंगराची राख अंटार्क्टिकावर पडते आणि ती गोव्यात ओळखली जाते, याचा मला फार अभिमान वाटतो.

प्रश्न (पुलगाव): हिमयुगात धूळ वाढली म्हणून थंडी आली, की थंडी आली म्हणून धूळ वाढली?

उत्तर: मुख्यतः थंडीमुळे धूळ वाढली: पाऊस घटला, गवत मेलं, वारे जोरात वाहिले, हिमनद्यांनी खडक दळला आणि हवेतली धूळ धुऊन काढणारा पाऊसही कमी झाला. पण धुळीने थंडीला हातभारही लावला असावा. धुळीत लोह असतं. दक्षिण महासागरातल्या सूक्ष्म वनस्पतींना लोह कमी पडतं. धुळीतून ते मिळालं की त्या वाढतात आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्रात खेचतात. जॉन मार्टिन या समुद्रशास्त्रज्ञाने १९९० साली हा तर्क मांडला. त्याचा काही अंश खरा असल्याचं आता बहुतेक मान्य करतात. किती अंश, यावर काम सुरू आहे.

प्रश्न (वर्धा, अकरावी विज्ञान): मला हे काम करायचं आहे. आत्तापासून काय करू?

उत्तर: रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र पक्कं करा आणि पुढे भूशास्त्र घ्या. नागपूर विद्यापीठात भूशास्त्राचा पदव्युत्तर विभाग आहे. माती समजून घ्यायला नागपूरचीच मृदा सर्वेक्षण संस्था, समस्थानिकांसाठी अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आणि बर्फासाठी गोव्याचं केंद्र, ही नावं लिहून ठेवा. गोव्याच्या केंद्राने २०१६ पासून हिमाचलमधल्या स्पितीत चार हजार मीटरहून उंचावर 'हिमांश' नावाचं ठाणंही चालवलं आहे, म्हणजे बर्फावर काम करायला अंटार्क्टिकालाच जावं लागतं असं नाही.

आणि एक काम याच उन्हाळ्यात सुरू करता येईल. आपल्या गावच्या मातीचे नमुने गोळा करा. नमुना नीट कसा घ्यावा हे सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या. खत पडलेली, रस्त्यालगतची, सिमेंट सांडलेली जागा टाळा. धुऱ्याजवळची, कधी न नांगरलेली माती निवडा. लोखंडी डब्यात ठेवू नका, स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. पिशवीवर गाव, गट क्रमांक, खोली आणि तारीख पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी बांधा. चिठ्ठी नसलेली माती कुठल्याही प्रयोगशाळेच्या उपयोगाची नसते.